नववा दिवा

"आणि तू पुसणार?"

सरांनी माझं मनगट धरलं होतं. माझ्या हातात ओला रुमाल होता. समोर आमचं यंत्र. त्याच्या बाराच्या बारा डोळ्यांवर हळदीकुंकवाची ओली बोटं उमटली होती आणि वरून झेंडूचा हार लोंबत होता.

"सर, कुंकवामुळं उजेड आत पोचत नाही," मी म्हणालो. "यंत्राला काही दिसणार नाही."

"पूजा झालीय. पूजेचं कुंकू पुसत नाहीत. आणि तू पुसणार?"

मग आपण माझा हात धरलाय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो सोडला. खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं. इतकी जुनी सवय.

मला कळलं.

गोष्ट सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली आहे. सत्तरनंतरच्या दशकातली. मी तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या आवारात विज्ञान प्रदर्शनाचा मांडव घातला होता आणि त्यात आमच्या विभागाचा यंत्रमानव उभा होता. माणसं ओळखणारा यंत्रमानव. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं, द्वारपाल.

त्या नावावर मी बरेच दिवस विचार केला. कारण तेच काम माझा बा करायचा. त्याला कुणी द्वारपाल म्हणालं नाही. त्याला येसकर म्हणायचे.

आमचं गाव कराडच्या पूर्वेला, माळावरचं. बा त्या गावच्या वेशीत बसायचा. हातात घुंगराची काठी. गावात कोण आलं, कोण गेलं, परका कोण, कुणाच्या घरी चालला, हे सगळं त्यानं ध्यानात ठेवायचं आणि पाटलाला सांगायचं. चोरी झाली की माग काढायचा. धुळीतल्या पावलावरून तो माणूस सांगायचा. आम्ही बौद्ध झालो त्या साली बाने ती काठी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि परत कधी हातात धरली नाही. मी तेव्हा पाळण्यात होतो.

काठी सुटली. नजर सुटली नाही. मी लहान असताना आम्ही दोघं माळावर बसलो की लांब कोण चाललंय ते बा न बघता सांगायचा. म्हणजे मला तरी वाटायचं की न बघता. खरं तर तो फक्त खाली बघायचा. तोंडाकडं नाही.

मी एकदा विचारलं, "बा, तू लोकांच्या तोंडाकडं का बघत न्हाईस?"

"तोंडाकडं बगायची परवानगी न्हवती रं आमाला," तो म्हणाला. "मान खाली घालून हुबं ऱ्हायचं. मग पायच दिसायचं. पाय बगून बगून पायच पाठ झालं."

त्याचं सगळं ज्ञान असं जन्माला आलं होतं. अपमानातून. पण ज्ञान ते ज्ञानच. तो म्हणायचा, तोंड हसतंय, रडतंय, दाढी वाढवतंय, म्हातारं हुतंय. चाल बदलत न्हाई. माणूस सोंग घेईल, पण चौथ्या पावलाला त्याची चाल त्याला धरून देईल.

हे वाक्य घेऊन मी सांगलीला आलो होतो.

यंत्रानं माणूस कसा ओळखावा, असा विषय सरांनी वर्गात काढला तेव्हा सगळे चेहऱ्याबद्दल बोलले. कुणी म्हणालं नाकाची लांबी मोजू, कुणी म्हणालं दोन डोळ्यांमधलं अंतर. परदेशात मोठमोठ्या संगणकांवर तसे प्रयत्न चालले होते. एक मासिक ग्रंथालयात यायचं, त्यात मी वाचलं होतं. तिथंही एका चेहऱ्याला खूप वेळ लागायचा, आणि माणसानं मान जराशी वळवली की गणित फसायचं. आमच्याकडं तर संगणकच नव्हता. मी पहिल्यांदाच हात वर केला. म्हणालो, "सर, चेहरा सोडून देऊ. चाल बघू."

सरांना ते आवडलं. हे मी मान्य करतो. ते वाईट शिक्षक नव्हते. त्यांनी फळ्यावर आकृती काढली, मला जवळ बोलावलं, तासभर बोलले. त्या दिवशी मला वाटलं, की विद्येला खरंच जात नसते.

यंत्र साधं होतं. दहा फुटांची एक वाट. तिच्या एका बाजूला ओळीनं दिवे, दुसऱ्या बाजूला खांबांवर, घोट्याच्या आणि गुडघ्याच्या उंचीला, उजेड पडला की वीज सोडणारे वाटाण्याएवढे तुकडे. मिरजेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून मी ते एकेक करून आणले होते. आम्ही त्यांना डोळेच म्हणायचो. माणूस वाटेनं चालला की पाय उजेडाच्या आड येतात. कोणता डोळा किती वेळ झाकला, दोन पावलांत किती वेळ गेला, यावरून त्याची चाल पकडायची. प्रत्येक माणसासाठी एक पट्टी, तिच्यावर त्याच्या चालीच्या मापानं फिरवून ठेवलेल्या खुंट्या. चार पावलं झाली आणि चाल पट्टीशी जुळली की आत टक् असा आवाज व्हायचा आणि त्याच्या नावाचा दिवा लागायचा. वाटेच्या शेवटी प्लायवूडची रुपेरी पेटी, तिच्यावर पत्र्याचं डोकं. पेटीच्या छातीवर दिवे.

दिवे नऊ होते. आठांखाली नावं. प्राचार्य, सर, विभागातले दोन शिक्षक, संस्थेचे तीन पदाधिकारी आणि जयवंत. जयवंत माझ्या वर्गातला. फलटणकडचा, ऊसवाल्या घरातला, बोलायला चांगला. प्रदर्शनात यंत्राची माहिती तो सांगणार होता. यंत्र मी केलं होतं, पण मी सांगणार नव्हतो. "तुझी भाषा अजून थोडी गावाकडची आहे," सर म्हणाले होते. जयवंतची भाषा माझ्यासारखीच होती. तो "लय भारी" म्हणाला की लोकांना मजा वाटायची. मी म्हणालो की त्यांना माझी वस्ती ऐकू यायची.

नवव्या दिव्याखाली नाव नव्हतं. सरांना वाटलं, तो जादा आहे.

तो बाचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. बाला अंगणातल्या धुळीत चालायला लावलं. प्रत्येक पावलाला सुतळीला एक गाठ मारली, शेजारच्याचं घड्याळ घेऊन वेळ मोजली. दुष्काळात खडी फोडताना बाच्या डाव्या पायाचा अंगठा चेचला होता, तेव्हापासून ते पाऊल जरा आखूड पडायचं. बाला मी यंत्र समजावून सांगितलं.

"म्हंजी तुझं यंत्र माझी चाल बगून वळकनार?"

"व्हय. चार पावलांत."

"चार?" बा हसला. "लय लागत्यात की रं. मला एक पुरायचं."

मग म्हणाला, "कालिजात समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं. तुझा दिवा लागंल."

मी त्या गाठींवरून नववी पट्टी बसवली. ती तपासून बघायला बा सांगलीत नव्हता. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तो येईल, वाटेवरून चालेल आणि दिवा लागेल, एवढंच मला हवं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर खाली मान घालून सगळ्यांना ओळखलं, त्याला एकदा सगळ्यांच्या समोर कुणीतरी ओळखावं. माणसांनी नाही तर यंत्रानं तरी.

त्या दिवशी सकाळी पूजा होती. नवीन यंत्राची पूजा करायची पद्धत आमच्याकडं सगळीकडंच आहे, मोटारीला, पंपाला, छापखान्याला. मला सर म्हणाले, "पूजा होईपर्यंत तू जरा मांडवाबाहेर थांब. वायरी नंतर बघ." मी थांबलो. एका पदाधिकाऱ्यांच्या पत्नींनी नारळ वाढवला, पत्र्याच्या डोक्याला कुंकू लावलं. मग कुणीतरी त्यांना कौतुकानं सांगितलं, की यंत्राचे खरे डोळे खांबांवर आहेत. तेव्हा त्यांनी प्रत्येक डोळ्याला हळद लावली, कुंकू लावलं. भक्तिभावानं. मी आत असतो तर हात जोडून सांगितलं असतं, की बाई, तेवढं नको. मी बाहेर होतो. जयवंत आत होता.

"तू बोलला का न्हाईस?" मी त्याला नंतर विचारलं.

"मला वाटलं, एवढुशा कुकवानं काय हुतंय," तो म्हणाला.

यंत्र आंधळं झालं होतं. मी रुमाल ओला करून आणला आणि पुढं काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

पाहुणे यायला थोडाच वेळ उरला होता. सरांनी पेटीला एक चक्कर मारली, मागची फळी काढून आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा फार बारीक होतो.

"दिवे तपासायची बटणं आतच आहेत ना?"

"हो सर."

"खालच्या फटीतून वाट दिसते?"

मला कळलं.

"आजच्या दिवसाचा प्रश्न आहे. ज्यांची नावं आहेत तेवढेच दिवे. बाकी कुणी आलं तर काही लावायचं नाही. बस आत."

जयवंतनं आत एक गोणपाट टाकलं. मी आत गेलो. मागून फळी लागली.

मी नकार का दिला नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता त्याचा आवाजही येत नाही. शिष्यवृत्तीच्या कागदांवर सरांची सही लागायची. सत्र पूर्ण झाल्याचा दाखलाही त्यांचाच. हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. मला यंत्र यशस्वी झालेलं बघायचं होतं. खोटं का होईना.

पेटीत गुडघे छातीशी घेऊन मी बसलो. खाली चार बोटांची फट होती. तिच्यातून वाट दिसत होती, घोट्यापर्यंत. माणसं दिसत नव्हती, नुसते पाय. आणि तेव्हा मला कळलं की मी कुठं बसलो आहे. मी वेशीत बसलो होतो. बाने काठी ठेवून दिली होती आणि मी इंजिनिअर व्हायला येऊन तीच जागा घेतली होती. मान खाली. समोर मोठ्यांचे पाय.

बाहेर जयवंतचा आवाज चढला. "मंडळी, ह्यो आपला द्वारपाल! ह्याला तोंड दाखवायची गरज न्हाई. नुसतं चाला!"

प्राचार्य आले. काळे बूट, उजवी टाच आतून झिजलेली. पहिलं पाऊल पडलं आणि माझ्या बोटानं बटण दाबलं. टाळ्या. मग एक पदाधिकारी, कोल्हापुरी वहाणा. पहिलं पाऊल, दिवा. टाळ्या. मग दुसरे. मग सर. मला एकही चुकला नाही. एकेका पावलात मी ते ओळखत होतो आणि, खरं सांगतो, आत कुठंतरी सुखावत होतो. बाचं रक्त होतं ते. लोक म्हणत होते, "कमाल आहे." कुणीतरी म्हणालं, "परदेशात सुद्धा इतकं झालेलं नसेल."

मग बाहेर थोडी कुजबुज झाली. जयवंत म्हणाला, "आवं काका, हितं कुठं? बरं, या या. चाला. बगूया द्वारपाल काय म्हनतोय."

दोन अनवाणी पाय वाटेच्या टोकाला येऊन थांबले.

बाने वहाणा मांडवाबाहेर काढून ठेवल्या होत्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टाचांना भेगा, धुतलेल्या. डाव्या अंगठ्याला नख नाही. त्यानं पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं, आखूड. त्या पावलांच्या गाठी मी स्वतः मारल्या होत्या. तिसरं. चौथं. चौथ्या पावलाला बा थांबला. चार लागतात, मीच सांगितलं होतं.

नवव्या बटणावर माझं बोट होतं.

मी दाबलं नाही.

दाबलं असतं तर सर विचारणार होते, हा दिवा कुणाचा. कुणीतरी फळी उघडणार होतं. हे सगळं मी त्या चार पावलांत मोजलं. बाचे पाय समोर होते आणि मी सही मोजत होतो.

बाहेर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "यंत्राला बी कळतंय गड्या, कुनाला वळकायचं आन् कुनाला न्हाई!"

मांडव हसला.

बाने विचारलं, "माझं पोरगं कुटं हाय?"

"असंल की हितंच," जयवंत म्हणाला. "चा आनाय गेला असंल."

बाचे पाय वळले. मघाशी तो वाटेवरच्या सतरंजीवरून आला होता. जाताना सतरंजीच्या कडेकडेनं, मातीवरून गेला.

दुपारी प्रदर्शन जेवणासाठी थांबलं तेव्हा मला बाहेर काढलं. पाय बधिर झाले होते. मी तसाच एसटी स्टँडवर पळत गेलो. बा बाकाच्या टोकाला बसला होता. फडक्यात बांधलेली भाकरी मांडीवर. सोडलेली नव्हती.

मी शेजारी बसलो. म्हणालो, "बा, यंत्रात बिघाड झालावता."

तो समोर थांबलेल्या गाडीच्या चाकांकडं बघत होता.

"पेटीत तू हुतास," तो म्हणाला.

मी खाली बघितलं.

"यंत्राला चार पावलं लागत्यात, तूच म्हनला हुतास. तितं तर पयलं पाऊल पडलं का दिवा लागत हुता. एका पावलात वळकनारा आपल्या घरातलाच असनार." थोडं थांबून म्हणाला, "म्हंजी माझं पाऊल बी तुला पयल्या झटक्यालाच कळलं आसंल."

"व्हय बा."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं भाकरी सोडली, अर्धी मला दिली आणि हळूहळू सांगायला लागला. हे तो मला त्याआधी कधीही बोलला नव्हता.

मला एक आत्या आहे. सोनाआत्या. बाची सख्खी बहीण. मलकापूरला असते. ती आमच्या घरी कधी आली नाही, आम्हीही गेलो नाही. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा वारल्यावर आत्या माहेरी येऊन आमच्याच वस्तीत झोपडी घालून राहिली होती. एका सणाला तिनं गावातल्या एका मोठ्या घरी फुकट राबायला जायला नकार दिला. दोन दिवसांनी तिची झोपडी जळाली. ती पाण्याला गेली होती म्हणून वाचली. शेळी आत बांधलेली होती.

"सकाळी पाटलानं मला माग काडाय लावला," बा म्हणाला. "राखंच्या कडंला वला चिखुल हुता. पाऊल असं उमाटलं हुतं, आरशागत. मी बगितलं. एका दमात वळाकलं. मान वर केली तर समदी माझ्याकडं बगत्यात. पाटील म्हनला, नीट बग, वळकू येतंय का? त्यानं नीट बग कशासाटी म्हनलं त्ये मला कळलं."

"मग?"

"मी म्हनलो, वळकू येईना."

समोरची गाडी निघून गेली. जागा रिकामी झाली.

"माझी सोनी तितंच हुबी हुती. तिला ठावं हुतं, मला वळकू येत न्हाई आसं पाऊल त्या गावात न्हवतं. ती दुसऱ्या दिशी निगून गेली. त्यानंतर थोड्याच दिसात मी काठी ठिवली. लोक म्हनले, बौद्ध झाला म्हनून ठिवली. खरंच हाय. पर त्येवढंच न्हाई."

मग त्यानं मला ते नाव सांगितलं. पाऊल कुणाचं होतं ते. मी त्या माणसाला ओळखत होतो. गावातला प्रत्येक जण ओळखतो.

"न वळकनं हा गुना न्हाई रं," बा म्हणाला. "वळकून न्हाई म्हननं, ह्यो हाय."

मला त्यानं काहीच म्हटलं नाही. आजच्या दिवसाबद्दल एक शब्दही नाही. कराडची गाडी लागली. तो चढला. खिडकीतून हातानं जा म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी मांडवात गेलो. हार काढला. रुमाल ओला करून बाराही डोळे पुसले. हळद चिवट असते. पुन्हा पुन्हा पुसावं लागलं. शेवटच्या डोळ्यावर असताना सर आले.

"कुणी पुसलं?"

"मी."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण परीक्षक फाटकापर्यंत आले होते. सर हलक्या आवाजात म्हणाले, "नंतर बोलू. आधी आत बस."

"मी बसणार नाही."

"उजेड बघ किती आहे मांडवात. यंत्र चालणार नाही."

"मग चालणार नाही."

जयवंत मध्ये आला. "अरं बस की गड्या. येका दिसाचा तर प्रश्न हाय."

"काल पण एका दिवसाचाच होता," मी म्हणालो. "तू बस."

तो माझ्याकडं बघत राहिला. पेटीकडं त्यानं पाहिलंही नाही. तेव्हा मला दिसलं, की ती पेटी माझ्याच मापाची आहे. बारीक असण्याशी तिचा संबंध नव्हता.

परीक्षक आत आले. दोघं होते, परगावचे. मी पेटीची मागची फळी काढली आणि आतलं गोणपाट ओढून बाहेर टाकलं. म्हणालो, "काल दिवे यंत्रानं लावले नाहीत. काल आत मी बसलो होतो. यंत्र मी केलंय. आज ते स्वतः चालेल. चुकलं तर चुकेल."

माझी भाषा गावाकडची होती.

मी यंत्र सुरू केलं. मांडवाच्या कापडातून ऊन आत येत होतं, यंत्राचे डोळे दिपत होते. आठांपैकी पाच जण त्यानं बरोबर ओळखले. दोघांना ओळखलंच नाही. सर चालले तेव्हा जयवंतचा दिवा लागला. कुणी हसलं नाही.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले.

त्या सत्राच्या माझ्या दाखल्यावर सरांची सही झाली नाही. वर्ष गेलं. यंत्र भांडारात कुलपात गेलं. बाला पुन्हा आणून चालवायचं होतं, किल्ली मिळाली नाही. मी एक वर्ष उशिरा पास झालो. आता साताऱ्यात एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. वाचतो. पुस्तकं खूप वाचतो. कुठं ना कुठं लोक अजून यंत्राला माणूस ओळखायला शिकवताहेत. शिकेलही ते एक दिवस. मग त्याला वेशीत बसवणारे त्याला काय सांगतील, कुणाला ओळख म्हणतील आणि कुणाला ओळखू नको म्हणतील, याची मला भीती वाटते. कारण मी त्या पेटीत बसलो आहे.

गेल्या थंडीत बा गेला. छातीत खडीची धूळ बसली होती, ती शेवटपर्यंत निघाली नाही. त्याला पोचवून आलो तेव्हा अंगणात त्याची पावलं अजून होती, दारापासून रांजणापर्यंत. आखूड डावं पाऊल. मी दोन दिवस अंगण झाडू दिलं नाही. ट्रंकेतून सुतळी काढली आणि बसून गाठी पावलांना लावून पाहिल्या. थोड्या कमी भरल्या. शेवटी शेवटी त्याची पावलं जवळ जवळ पडत होती. चाल बदलत नाही, असं तो म्हणायचा. त्याची बदलली होती. ते मला आधी दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला.

आत्या आली नव्हती. तिला निरोप धाडला होता. निरोप्या म्हणाला, म्हातारी ऐकून नुसती बसून राहिली.

हे सगळं मी रडण्यासाठी लिहिलेलं नाही. रडून झालं आहे. मी हे लिहिलं, कारण येत्या रविवारी मी मलकापूरला जाणार आहे. सोनाआत्या दार उघडेल किंवा उघडणार नाही. उघडलं तर मी तिला सांगणार आहे, की बाने त्या सकाळी चिखलातलं पाऊल ओळखलं होतं. बाला मी वाचवणार नाही. मग तिला ते नाव सांगणार आहे. तिथून आमच्या गावी जाणार आहे आणि तेच नाव, तसंच, चावडीसमोर उभं राहून मोठ्यानं सांगणार आहे. तो माणूस अजून जिवंत आहे. संध्याकाळी चावडीच्या कट्ट्यावर बसतो. पुरावा नाही, म्हणतील. पाऊल कधीच पुसलं गेलं, म्हणतील. तू तर तेव्हा पाळण्यात होतास, म्हणतील.

म्हणू देत. बाने ते पाऊल पाहिलं होतं आणि माझ्या बाला कधी पाऊल चुकलं नाही.

मी खाली बघणार नाही. त्याच्या तोंडाकडं बघून नाव घेणार आहे.